सांघिक सेबर: पंचेचाळीस टचांची लढत कशी आखावी, कशी लढावी

सेबर हा तलवारबाजीतल्या तीन प्रकारांपैकी एक. पुरुषांच्या सांघिक सेबर लढतीत प्रत्येक संघाचे तीन खेळाडू पिस्टवर, म्हणजे लढतीच्या पट्टीवर, उतरतात आणि चौथा राखीव असतो. एका संघातल्या तिघांची दुसऱ्या संघातल्या तिघांशी प्रत्येकी एकदा गाठ पडते, म्हणजे एकूण नऊ बाउट, म्हणजे छोट्या लढती, होतात. पहिला बाउट कोणताही एक संघ ५ टचांवर (टच म्हणजे लागलेला वार, एक गुण) पोहोचेपर्यंत चालतो, दुसरा १० पर्यंत, तिसरा १५ पर्यंत, आणि असं करत नववा ४५ वर संपतो. गुणसंख्या एका बाउटमधून पुढच्या बाउटमध्ये तशीच चालत राहते. आंतरराष्ट्रीय महासंघ हंगामागणिक नियमांत दुरुस्त्या करतो, म्हणून त्या स्पर्धेची माहितीपत्रिका आधी नीट वाचून घ्यावी. इथली मांडणी पॅरिस २०२४ ऑलिम्पिकमध्ये ज्या पद्धतीने लढती झाल्या त्या पद्धतीची आहे.

हे मार्गदर्शन कॅप्टन, प्रशिक्षक आणि संघात पहिल्यांदाच निवड झालेल्या खेळाडूसाठी आहे. वैयक्तिक सेबर उत्तम खेळणारे तिघे एकत्र आले की संघ आपोआप तयार होतो, हा समज महागात पडतो. सांघिक लढतीत कुणाला कोणत्या क्षणी आत पाठवायचं आणि त्याने किती टच घेऊन, किती देऊन परत यायचं, याचा निर्णय तलवारीइतकाच निर्णायक असतो.

बाउटांचा क्रम आधी पाठ करा

चिठ्ठीने एका संघाला १-२-३ हे क्रमांक मिळतात, दुसऱ्याला ४-५-६. त्यानंतर क्रम ठरलेला असतो: ३–६, १–५, २–४, १–६, ३–४, २–५, १–४, २–६, ३–५. कॅप्टन कोणत्या खेळाडूला कोणता क्रमांक द्यायचा ते ठरवतो आणि लढतीआधी लेखी कळवतो. समोरच्या संघाने कोणाला कुठे बसवलं आहे हे त्या वेळी कळलेलं नसतं.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. प्रत्येकाची प्रत्येकाशी गाठ पडणारच आहे, त्यामुळे क्रमांक बदलून कुणालाही नकोशा प्रतिस्पर्ध्यापासून वाचवता येत नाही. बदलते ती फक्त वेळ. तुमचा सर्वांत भक्कम खेळाडू त्यांच्या सर्वांत भक्कम खेळाडूशी पाचव्या टचाला भिडणार की पंचेचाळिसाव्या, एवढंच तुमच्या हातात असतं. पण तेवढ्यानेही लढतीचा रंग पालटतो.

प्रत्येक जागेचा स्वभाव वेगळा आहे. ३ नंबरवाला पहिला, पाचवा आणि नववा बाउट खेळतो: सुरुवातही त्याची आणि शेवटही त्याचाच, मध्ये दर वेळी तीन बाउटांची उसंत. ५ नंबरवाला दुसरा, सहावा आणि नववा खेळतो, म्हणजे शेवट त्याच्याकडे असला तरी सुरुवात ६ नंबरवाल्याकडे असते. त्या ६ नंबरवाल्याचे बाउट पहिला, चौथा आणि आठवा. १ नंबरवाला दुसरा, चौथा, सातवा. २ नंबरवाला तिसरा, सहावा, आठवा. ४ नंबरवाल्याचं वेळापत्रक सगळ्यांत दाटीचं असतं: तिसरा, पाचवा, सातवा, मध्ये प्रत्येकी एकच बाउट. सेबरचा एक बाउट दोन-तीन मिनिटांतही आटोपतो. त्यामुळे ४ नंबरवर असा खेळाडू हवा ज्याचा श्वास लवकर जागेवर येतो आणि जो एका बाउटची चीड पुढच्या बाउटमध्ये घेऊन जात नाही.

शेवटचा बाउट ३ आणि ५ यांच्यात असतो. या जागेवर संघातला सर्वांत जास्त क्रमवारी असलेला खेळाडू डोळे मिटून टाकण्याची पद्धत आहे. बहुतेक वेळा ती बरोबरही ठरते. तरी निकष क्रमवारीचा नसावा. ४३–४३ असताना ठरवलेली क्रिया न डगमगता करणारा आणि दोन टचांनी मागे असताना घाई न करणारा माणूस तिथे हवा. हे सरावात तपासता येतं: खेळाडूंना ४०–४० पासून पाच टचांचे बाउट पुन्हा पुन्हा खेळायला लावा आणि कोण काय करतो ते लिहून ठेवा. महिनाभरात चित्र स्पष्ट होतं.

१-२-३ बाजू मिळाली तर शेवट करणाऱ्यालाच सुरुवात करावी लागते. ज्याला अंगात ऊब यायला वेळ लागतो अशा खेळाडूला ३ वर ठेवलं तर पहिलाच बाउट ५–१ ने हातचा जाऊ शकतो. अशा वेळी त्याचा सराव इतरांपेक्षा पंधरा-वीस मिनिटं आधी सुरू करा आणि लढतीपूर्वी त्याला संघातल्याच कुणाशी पाच टचांचे दोन पूर्ण बाउट खेळू द्या, इलेक्ट्रिक उपकरण लावून. ४-५-६ बाजू मिळाली तर सुरुवातीसाठी ६ वर तडफदार खेळाडू ठेवण्याची मोकळीक असते.

राखीव खेळाडू: कधी आणि कुठे

बदल बाउट संपल्यावरच होतो आणि त्याची सूचना आधी द्यावी लागते. ज्याला काढायचं आहे त्याच्या पुढच्या बाउटच्या अगोदरचा बाउट सुरू होण्यापूर्वी पंचांना सांगायचं. १ नंबरवाल्याला सातव्या बाउटमध्ये बदलायचं असेल तर सहावा बाउट सुरू व्हायच्या आत कॅप्टनचं बोलणं झालेलं असलं पाहिजे. सहावा बाउट बघून ठरवू म्हणत थांबलात तर वेळ गेलेली असते. तुम्ही बदल मागितला की समोरच्या कॅप्टनलाही तेव्हाच बदल करण्याची मुभा मिळते, त्याने आधी सांगितलेलं नसलं तरी. म्हणजे तुमच्या बदलाने त्यांच्या ताज्या खेळाडूलाही दार उघडलं जातं, हे गणितात धरा.

बदललेला खेळाडू पुन्हा एकदा येऊ शकतो, पण फक्त त्याच्या जागी आलेल्याच्या जागेवर. इतर कुणाच्या जागेवर तो येऊ शकत नाही. म्हणून राखीव खेळाडू आत असताना बाकी दोघांपैकी एकाचा घोटा मुरगळला तर हाताशी कुणी उरत नाही. कुणाला आधीच दुखापत असेल तर राखीव खेळाडू त्याच्यासाठीच राखून ठेवणं शहाणपणाचं.

बदलासाठी १ आणि ४ या जागा सगळ्यांत सोयीच्या, कारण दोघांचाही शेवटचा बाउट सातवा असतो आणि तो एकमेकांशीच असतो. तोपर्यंत समोरच्या संघाने तुमच्या तिघांचा खेळ ओळखलेला असतो. ताजा, न पाहिलेला खेळाडू त्या क्षणी सर्वाधिक बोचतो. पॅरिस २०२४ च्या अंतिम लढतीत नेमकं हेच घडलं. दक्षिण कोरिया हंगेरीविरुद्ध ३०–२९ अशी निसटती आघाडी घेऊन होता. सातव्या बाउटला गू बोन-गिलच्या जागी दो ग्योंग-दोंग आला आणि त्याने एकही टच न देता पाच टच घेतले: ३५–२९. लढत ४५–४१ ने कोरियाने जिंकली. लंडन २०१२ आणि टोकियो २०२० नंतरचं हे त्यांचं सलग तिसरं सांघिक सेबर सुवर्ण होतं. रिओ २०१६ मध्ये हा प्रकार खेळवलाच गेला नव्हता. पाच टचांच्या त्या एका बाउटने मिळालेली सहाची आघाडी पुढच्या दोन बाउटांत हंगेरीला भरून काढता आली नाही.

यातून राखीव खेळाडूसाठी एक सक्त सूचना निघते. पहिल्या बाउटपासून त्याने घाम निघेल इतपत हलतं राहायचं. चौथ्या बाउटनंतर लॅमे जॅकेट (वार नोंदवणारं धातूच्या धाग्यांचं जॅकेट) अंगात, बॉडी वायर (तलवार गुणयंत्राला जोडणारी तार) आत ओवलेली आणि हातमोजा जवळ. थंड स्नायूंनी आत गेलेला राखीव खेळाडू पहिले दोन टच अंदाज घेण्यात घालवतो आणि त्या दोन टचांसाठीच तर त्याला आत पाठवलेलं असतं.

गुणांचं गणित

बाउट पुढच्या पाचाच्या टप्प्यावर संपतो, तुम्ही पाच टच घेतल्यावर नव्हे. समजा पाचव्या बाउटनंतर गुण १८–२५ आहेत. सहावा बाउट ३० वर संपेल. आघाडीवाल्याला पाचच टच हवेत, मागे असलेल्याला मात्र बारा टच घेण्याची जागा आहे. मागे असलेला संघ एका बाउटमध्ये लढत उलटवू शकतो तो याच कारणाने. आघाडीवर असलेल्याला हे सतत टोचत राहायला हवं: त्याचा एकेक टच बाउट संपवण्याच्या जवळ नेतो, म्हणून त्याने घाईने दोन्ही दिवे लावत (दोघांचेही वार एकदम लागले की गुणयंत्रावर दोन्ही दिवे लागतात) बसण्यापेक्षा शांतपणे आपले पाच पूर्ण करावेत.

प्रत्येक खेळाडूला बाउटआधी आकडा सांगा. “जिंक” एवढं सांगून पाठवलेल्या खेळाडूला समोर जगज्जेता असेल तर काय करायचं ते कळत नाही. “तो पाच घेईल, तू तीन घेऊन ये” म्हटलं की त्याला काम मिळतं. बलाढ्य प्रतिस्पर्ध्याविरुद्ध तीन बाउट ५–३ ने गमावले तर तूट सहाची होते, ५–० ने गमावले तर पंधराची. सहाची तूट भरून निघते, पंधराची क्वचितच.

शून्यावर अडकलेल्या खेळाडूची लक्षणं ओळखायला शिका. सलग दोन टच गेले की तो पंचांनी ‘आले’ (सुरू करा) म्हटल्याबरोबर त्याच चालीने पुन्हा पुढे झेपावतो, कारण त्याला हरवलेला टच लगेच परत हवा असतो. कोचने त्या क्षणी एकच शब्द टाकावा, आधी ठरवलेला: “मागे” किंवा “थांब”. लांबलचक सूचना मास्कच्या आत पोहोचत नाहीत.

सामान: लढतीआधी हरू नका

सेबरची एकूण लांबी १०५ सेंटिमीटरपर्यंत, पातं ८८ सेंटिमीटरपर्यंत आणि वजन ५०० ग्रॅमच्या आत. पात्याला बाक असेल तर तो सलग आणि ४ सेंटिमीटरपेक्षा कमी हवा. फॉइल किंवा एपी या तलवारबाजीतल्या इतर दोन शस्त्रांसारखं टोकाला बटण-स्प्रिंग नसतं. पात्याचं टोक दुमडलेलं किंवा घडवलेलं असतं आणि पूर्ण पातंच विद्युतवाहक असतं. पात्याची धार, पाठ, सपाट बाजू, टोक, कशानेही लागलेला वार चालतो.

वैध लक्ष्य कमरेच्या वरचं शरीर: धड, दोन्ही हात आणि डोकं. मनगटाच्या पुढचा पंजा मात्र नाही. म्हणून हातमोज्यावर पुढच्या हाताला विद्युतवाहक पट्टा असतो आणि पंजाचा भाग मोकळा राहतो. हातमोजा ८०० न्यूटनचा (कापड किती जोर सोसतं त्याचं माप), जॅकेट, प्लास्ट्रॉन (जॅकेटच्या आतलं संरक्षक कापड) आणि विजार ८०० न्यूटनची, मास्कचा गळपट्टा १६०० न्यूटनचा. पाठीवर नाव आणि देशाचं संक्षिप्त रूप, संघातल्या सगळ्यांची विजार आणि मोजे एकसारखे. एकाचेच मोजे वेगळे असले तरी पंच अडवतो.

पिस्टवर येताना प्रत्येकाकडे नियमात बसणाऱ्या किमान दोन तलवारी, दोन बॉडी वायर आणि दोन मास्क कॉर्ड (मास्कची तार) हव्यात. सोबत चार तलवारी आणि तीन मास्क कॉर्ड ठेवणं हिताचं. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत सहसा आदल्या दिवशी शस्त्र तपासणी होते. तपासलेल्या वस्तूंवर शिक्का बसतो आणि शिक्का नसलेली वस्तू पिस्टवर चालत नाही. म्हणून राखीव सामानसुद्धा तपासणीला न्या. पिशवीच्या तळाशी राहिलेली ‘एखादी जादा वायर’ ऐन वेळी निरुपयोगी ठरते.

सेबरमध्ये सर्वाधिक दगा देते ती मास्क कॉर्ड. मास्क आणि लॅमेची कॉलर यांना जोडणारी ही तार ३० ते ४० सेंटिमीटर लांब असते. क्लिपच्या मुळाशी ती वाकून वाकून आतून तुटते, बाहेरून मात्र धडधाकट दिसते. मल्टीमीटरने तपासताना तार ताणून न धरता क्लिपपाशी हलवत राहा. आकडा नाचला तर ती फेकून द्या. क्लिप मास्कवर गंजलेल्या जागी लावली तरी वाहकता जाते, तेव्हा ती जागा बारीक घासून घ्या.

दुसरं दुखणं लॅमेचं. घामातल्या क्षारांनी धातूचे धागे काळे-हिरवे पडतात, आधी कॉलर, काख आणि पुढच्या हाताकडचा भाग. तपासणीत लॅमेवर कुठेही रोध ५ ओहमपेक्षा जास्त चालत नाही. प्रत्येक लढतीनंतर लॅमे पिशवीत कोंबू नका. हँगरवर उलटा टांगा. धुवायचा तर कोमट पाण्यात, न पिळता, आणि सपाट पसरून वाळवा. घडीच्या रेषेवर धागे तुटतात, त्यामुळे घडी घालण्यापेक्षा सैल गुंडाळलेला बरा.

तलवारीत गार्डच्या (हात झाकणाऱ्या वाटीच्या) आतली गादी, मूठ आणि पोमेल (मुठीच्या टोकाचा नट) यांचं इन्सुलेशन तपासा. पोमेलवरचं प्लास्टिक फाटलं असेल तर पुढच्या हातावरच्या पट्ट्याला पोमेल चिकटून खेळाडूचं स्वतःचंच सर्किट जोडलं जातं. स्कोअरिंग बॉक्सवरचे जादा दिवे वाचायला शिका. पिवळा दिवा म्हणजे खेळाडूची तलवार त्याच्याच लॅमेला लागते आहे. पांढरा दिवा म्हणजे नियंत्रण सर्किट तुटलं आहे, बहुधा बॉडी वायर किंवा सॉकेट. सॉकेटला प्लग धरून ठेवणारी कडी सैल असू नये.

बिघाडाचा टच रद्द करून घ्यायचा असेल तर एक शिस्त अटळ आहे. दिवा लागायला हवा होता आणि लागला नाही, असं वाटलं की खेळाडूने मास्क काढायचा नाही, प्लग ओढायचा नाही, क्लिप सोडायची नाही. जागच्या जागी उभं राहून पंचांना तपासायला सांगायचं. तार काढून मग तक्रार केली तर बिघाड सिद्ध करता येत नाही. तरुण खेळाडू चिडून पहिली गोष्ट करतात ती मास्क उतरवण्याची, म्हणून हे सरावातच अंगवळणी पाडा.

चार मीटरच्या आत काय होतं

पिस्ट १४ मीटर लांब. खेळाडू मध्यापासून दोन-दोन मीटरवर, म्हणजे एकमेकांपासून चार मीटरवर उभे राहतात. दोघेही एक-दोन पावलं टाकून लंज मारतात, म्हणजे पुढचा पाय लांब टाकून झेपावतात, आणि दोन्ही दिवे लागतात. तेव्हा पंच कुणाचा हल्ला आधी सुरू झाला, कोण तयारीतच होता, ते बघतो. खरोखर एकाच वेळी असेल तर टच कुणालाच नाही. सेबरमध्ये मागचा पाय पुढच्या पायाला पूर्ण ओलांडून पुढे आणता येत नाही. तसं केलं तर पिवळं कार्ड मिळतं आणि लागलेला टचही जातो.

‘आले’ नंतर मुळात तीन पर्याय असतात. सरळ जाऊन लहान हल्ला करायचा. पुढे जायचं भासवून थबकायचं आणि समोरच्याचा वार हवेत जाऊ द्यायचा. किंवा मागे ओढून घेऊन पॅरी-रिपोस्ट करायचं, म्हणजे वार अडवून लगेच उलट वार करायचा. यांत कागद-दगड-कात्रीसारखं चक्र आहे: सरळ हल्ला पॅरीची तयारी चालू असलेल्याला मारतो, थबकणारा सरळ हल्ल्याला पाडतो, आणि थबकणाऱ्यावर सावकाश, लांबवलेला हल्ला भारी पडतो. सांघिक लढतीत या चक्राचा हिशेब बाउटनिहाय ठेवता येतो. संघातल्या एकाने बाकावर बसून दर टचाला दोन अक्षरं लिहावीत: समोरच्याने पहिल्या दोन पावलांत काय केलं आणि टच कुठे गेला. त्याची दुसऱ्यांदा पाळी येईपर्यंत तो सुरुवातीच्या टचांना काय करतो आणि आघाडी गेल्यावर काय करतो, हे दिसू लागतं. पुढच्या खेळाडूला द्यायची खरी माहिती हीच.

पंचाला समजून घेणंही या कामाचाच भाग आहे. काही पंच हात उशिरा पुढे येणाऱ्या हल्ल्याला तयारी मानतात, काही पायांची गती पाहून हल्ला देतात. पहिल्या दोन बाउटांतल्या दोन्ही दिव्यांच्या निर्णयांवरून त्याचा कल कळतो. कल कळल्यावर वाद घालू नका. तुमच्या खेळाडूंना त्याप्रमाणे हात लवकर सोडायला सांगा. पंचाच्या दृष्टीला हल्ला स्पष्ट दिसावा यासाठी पाऊल आणि हात यांचा वेग सतत वाढता हवा. मध्ये क्षणभर अडखळलात की समोरच्याला ‘तयारीत हल्ला’ मिळतो.

थांबवून मारण्याचा वार मोहात पाडतो, पण आकडे लक्षात ठेवा. २०१६ पासून सेबरचा लॉकआउट (पहिल्या वारानंतर दुसऱ्याचा वार नोंदला जाण्याची मुदत) १७० मिलिसेकंदांच्या आसपास आहे, आधी १२० होता. हल्ला येत असताना तुम्ही हातावर वार केलात आणि त्याचा वार १७० मिलिसेकंदांच्या आत लागला तर दोन्ही दिवे लागतील आणि टच हल्लेखोराचा. म्हणून थांबवून मारताना मागे हटा, नाहीतर शरीर चुकवा. वार मारून तिथेच उभं राहणं म्हणजे टच देऊन टाकणं.

एखाद्याचा हल्ला हवेत गेला की पुढाकार तुमचा होतो आणि आता तुम्ही त्याला लांबवर ढकलत नेऊ शकता. इथे बहुतेकांची चूक होते ती घाईची. मागच्या रेषेच्या अलीकडचे शेवटचे २ मीटर जवळ आले की बचाव करणाऱ्याकडे जागा उरत नाही. दोन्ही पाय मागे गेले तर त्याच्याविरुद्ध टच. तो काहीतरी करणारच: एकतर थांबवून मारेल, नाहीतर पॅरी मारेल. तुम्ही थोडं थांबून त्याला ते आधी करू द्या, आणि मग वार पूर्ण करा.

पंचांशी व्यवहार: व्हिडिओ आणि कार्डं

जिथे व्हिडिओ उपलब्ध असतो तिथे सांघिक लढतीत प्रत्येक बाउटमध्ये एका अपिलाचा हक्क असतो. पंचाने तुमचं म्हणणं मान्य केलं तर तो हक्क तसाच राहतो. अपील खेळाडूनेच मागायचं असतं, कोचने नाही. दुसऱ्या टचालाच अपील वाया घालवून ४–४ ला रिकाम्या हाताने उभं राहणारे संघ नेहमी दिसतात. आधी ठरवून घ्या: आपला दिवा एकटाच लागला असा भास झाला तर नाही, फक्त निर्णय उलटण्याची खात्री असेल तेव्हाच. खेळाडूला शंका असेल तर त्याने बाकाकडे बघावं आणि बाकावरच्या एकाने, एकानेच, मान हलवून हो किंवा नाही सांगावं.

‘आले’च्या आधी हललात तर पिवळं कार्ड. दोन्ही खेळाडूंची शरीरं आदळवली, मोकळ्या हाताने लक्ष्य झाकलं, पाठ फिरवली, तरीही पिवळं. पुन्हा केलं तर लाल, म्हणजे समोरच्याला एक टच फुकट. एका बाउटमध्ये एक टच किती मोठा असतो हे वर आलंच आहे. बाकावरच्या सगळ्यांनी आखून दिलेल्या जागेतच राहायचं; लढत चालू असताना कोच उठून पिस्टजवळ गेला तर कार्ड संघाला मिळतं. उत्साहाच्या भरात राखीव खेळाडू सर्वांत आधी रेषा ओलांडतो, त्याच्याकडे लक्ष ठेवा.

बाउटांच्या मध्ये आणि शेवटी

पुढच्या खेळाडूने आधीचा बाउट अर्धा होताच पूर्ण तयार व्हायचं: बॉडी वायर आत, मास्क कॉर्डचं एक टोक कॉलरला, तलवार हातात. रीलचा (पिस्टच्या टोकाच्या तारेच्या चक्रीचा) प्लग लावायला गेल्यावर पहिलं काम समोरच्याच्या लॅमेवर आणि मास्कवर हलका वार करून दोन्हीकडे दिवा लागतो ना ते बघण्याचं. ही तपासणी उरकून टाकण्याची गोष्ट नाही. मास्कवर लागून दिवा न लागणं इथेच पकडलं जातं.

नवव्या बाउटात आघाडी असेल तर शेवट करणाऱ्याला आकडा द्या: “४०–३६, तुला पाच हवेत, तो नऊपर्यंत जाऊ शकतो.” त्याच्या डोक्यात आधी दोन क्रिया पक्क्या असाव्यात, एक सुरुवातीच्या टचांसाठी, दुसरी ४४ वर असतानाची. ४४ वर बहुतेक प्रतिस्पर्धी सरळ हल्ल्याची वाट बघत थबकून उभे राहतात. तिथे पहिल्या पावलात अर्ध्यावर थांबून त्यांना हलवणं आणि मग वार करणं अनेकदा फळतं. मागे असाल तर घाईने दोन दिवे लावण्यापेक्षा त्याचा हल्ला हवेत पाडून मागे ढकलत नेणं, हे खूप टचांचं अंतर भरण्याचं विश्वासू हत्यार.

लढत संपली तरी दिवस संपत नाही. बहुतेक स्पर्धांत त्याच दिवशी पुढची फेरी किंवा क्रमांकांसाठीची लढत असते. लगेच लॅमे टांगा, वाकलेली पाती सरळ करा, वापरलेल्या मास्क कॉर्ड पुन्हा मल्टीमीटरवर घ्या आणि पुढच्या प्रतिस्पर्ध्याचं नाव कळताच खेळाडूंच्या क्रमांकांच्या पत्रकाचे दोन मसुदे लिहून ठेवा, एक १-२-३ बाजू मिळाली तर आणि एक ४-५-६ मिळाली तर.